मुका पत्रा

सुरुवातीलाच माफी मागतो. माझी शाळा सातवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडतील, शब्दही साधेच असतील. गॅरेजातल्या माणसाला जमेल तेवढं लिहितो. ‘मी’ असं लिहायला घेतलं की हात अडतो, म्हणून ‘तो’ लिहिलंय. गोष्ट तीच आहे.

१

गॅरेजात त्याला सगळे धाकटा म्हणत. थोरला होता तोवर ते नाव बरोबर होतं. थोरला, म्हणजे त्याचा दादा, जाऊन अकरा महिने झाले, तरी हाक तीच राहिली. कुणाच्या लक्षातही आलं नाही की आता ह्या धाकट्याला धाकटा म्हणायला मोठं कुणी उरलेलं नाही.

कामाला तो चोख होता. बोलायला मात्र कच्चा. दादा होता तेव्हा दोघांच्या वाटचं दादाच बोलायचा. आता दिवसभरात त्याच्या तोंडून ‘हो’, ‘देतो’ आणि ‘झालं’ एवढेच शब्द निघत. संध्याकाळी कुलूप उघडून खोलीत शिरला की तेही बंद. खोलीत एक खाट, एक खुर्ची आणि खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत. आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या संध्याकाळी, तो वहिनीकडे जेवायला जायचा. जगात त्याला ‘जेवलास का’ विचारणारं तेवढं एकच माणूस होतं.

त्या दिवशी सकाळी मिस्त्री, म्हणजे गॅरेजचा मालक, हातातला कप खाली न ठेवता म्हणाला, “ती मागची निळी गाडी काढायची आहे. गिऱ्हाईक लागलंय. फरशी सडलीय तिची, वेल्डर येईल पुढच्या आठवड्यात. त्याआधी आतलं डांबर सोलायला हवं, नाहीतर ठिणगी पडली की धूर धूर होईल.” मग जरा थांबून, दुसरीकडे बघत, “तू नको करूस. मी दुसऱ्या कुणाला सांगतो.”

“मीच करतो,” धाकटा म्हणाला.

मिस्त्रीने कप खाली ठेवला. पलीकडे दाराला पॉलिश पेपर घासणारा पेंटरही क्षणभर घासायचा थांबला.

निळी गाडी कोणती ते तिघांनाही माहीत होतं. दादा तिच्याखाली गेला होता.

२

गाडीच्या फरशीवर, गालिच्याखाली, डांबराचे जाड काळे पत्रे चिकटवलेले असतात. रस्त्याचा, चाकांचा, इंजिनाचा आवाज आत येऊ नये म्हणून. गाडी तयार होते तेव्हाच ते गरम करून बसवतात आणि मग ते फरशीच्या लोखंडाला असे धरतात की जन्मभर सोडत नाहीत. दादा त्याला मुका पत्रा म्हणायचा.

निळ्या गाडीच्या मालकाने तर त्यावर आणखी दोन थर मारले होते. त्याला गाडीत अजिबात आवाज नको होता म्हणे.

अकरा महिन्यांपूर्वी ह्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवायचा होता. गाडी खड्ड्यावर उभी, दादा खाली खड्ड्यात, धाकटा वर गाडीच्या आत. गिअरबॉक्स ज्या आडव्या पट्टीवर बसतो तिचे बोल्ट ह्या गाडीत आतून, फरशीतून सुटतात. कॉम्प्रेसर चालू असला की एकमेकांच्या हाका ऐकू येत नाहीत, म्हणून दोघा भावांची एक खूण ठरलेली होती. वरच्याने हातोडीच्या दांड्याने फरशीवर तीनदा ठोकायचं. म्हणजे, सोडू का? खालच्याने पान्याने दोनदा ठोकलं, म्हणजे सोड. एकदा ठोकलं, म्हणजे थांब.

त्या सकाळी दादा म्हणाला होता, “आधी फरशी सोल सगळी. मुक्या पत्र्यातून मला तुझं कळत नाही, तुला माझं कळायचं नाही.”

सोलायचं म्हणजे दोन दिवसांचं काळं काम. धाकटा म्हणाला, “बोल्टापुरतं कापतो की. बाकीचं जेवणानंतर बघू.”

“आळशी आहेस,” दादा हसला आणि खड्ड्यात उतरला.

धाकट्याने तीनदा ठोकलं. खालून दोन ऐकू आले. त्याने शेवटचा बोल्ट सोडला, आणि पट्टीसकट गिअरबॉक्स खाली दादावर गेला.

नंतर विचारायला आलेल्या प्रत्येकाला त्याने तेच सांगितलं. दोन ऐकले. खोटं नव्हतं ते. त्याला दोनच ऐकू आले होते. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की दादानेच घाई केली, दोन ठोकून बाजूला व्हायचं विसरला. मिस्त्री म्हणाला, नडली घाई बिचाऱ्याला. वहिनी मात्र बिचारा म्हणाली नाही. ती अजून दादावर रागावलेली होती. मेलेल्या माणसावर कुणी इतकं रागावू शकतं हे धाकटा तिच्याकडे पाहूनच पहिल्यांदा शिकला.

३

गाडी ढकलून पुन्हा त्याच खड्ड्यावर आणली. गॅरेजात खड्डा एकच. पहिल्या दिवशी त्याने सीट काढल्या, गालिचा काढला. गालिच्याखालून धूळ, एक कंगवा आणि कुजट वास निघाला. फरशी काळीभोर होती, गिअरबॉक्सवरच्या मधल्या उंचवट्याजवळ, म्हणजे बोगद्याजवळ, मात्र बोल्टापुरते कापलेले चार चौकोन. त्याच्याच सुरीने कापलेले. त्यांच्याकडे न बघता त्याने काम मागून सुरू केलं.

“गोडीगुलाबीने निघायचं नाही ते,” पेंटर लांबून ओरडला. “हीट गन मार, नाहीतर गार कर. आमच्या हिच्यासारखं आहे, मधलं काही चालत नाही!”

धाकटा नेहमीसारखा थोडासा हसला. पटाशी लावली, हातोडी उचलली, आणि सवयीने आधी दांड्याने फरशीवर तीनदा ठोकलं. अकरा महिने तो प्रत्येक गाडीत असंच करत आला होता. खाली कुणी नसतं हे माहीत असूनही. जेवणाआधी हात धुवावेत तसं.

खालून दोन आले.

एक स्पष्ट. त्याला चिकटूनच दुसरा, जरा बसका. टक्‌-थप.

त्याचा हात हवेतच राहिला. मग त्याला राग आला. राग येणं बरं वाटलं. पेंटरची मस्करी, दुसरं काय! तो उतरला, गुडघ्यावर बसून गाडीखाली डोकावला. खड्ड्यात जाळीचा दिवा लोंबत होता, तळाशी तेलाचे जुने डाग आणि एक कापडाचा बोळा. कुणी नव्हतं. पेंटर पार त्या टोकाला तोंडावर फडकं बांधून उभा, दोन्ही हात रंगात.

“काय रे?” पेंटर म्हणाला.

“काही नाही.”

तापलेला सायलेन्सर गार होताना टकटक करतो, त्याने स्वतःला सांगितलं. फक्त ह्या गाडीचा सायलेन्सर अकरा महिन्यांत तापलेला नव्हता.

त्या दिवशी त्याने पुन्हा ठोकलं नाही. पटाशी हातानेच रेटली, बोटाला लागली तरी.

४

हीट गनने दिवसभरात पुसायच्या फडक्याएवढा तुकडाच निघाला. डांबर मऊ होऊन चिंगमसारखं पटाशीला गुंडाळायचं. तेव्हा मिस्त्रीने कोरडा बर्फ मागवला. पांढऱ्या खडूच्या तुकड्यांसारखा असतो तो. डांबरावर पसरला की वाफ सुटते, दहा मिनिटांत डांबर काचेसारखं कडक होतं. मग हातोडीचा एक ठोका, आणि वीतभर तुकडे उचलून घ्यायचे.

“दारं उघडी ठेव सगळी,” मिस्त्रीने बजावलं. “त्याची वाफ श्वासात गेली की डोकं गरगरतं, भलतंसलतं दिसतं. जड असते ती, खाली जाऊन साचते. खड्ड्यात तर अजिबात उतरू नकोस.”

दुसऱ्या दिवशी गॅरेजला सुट्टी होती. मिस्त्री किल्ली देऊन गेला. धाकटा एकटाच आला. बाहेर लख्ख ऊन होतं, छपराच्या दोन पारदर्शक पत्र्यांतून ते खाली पडलं होतं. कुणाचा रेडिओ नाही, कॉम्प्रेसर नाही. इतकं शांत गॅरेज त्याने कधी ऐकलंच नव्हतं.

मागच्या फरशीवर त्याने बर्फ पसरला. डांबर आतल्या आत करकरू लागलं. पांढरी वाफ दाराच्या उंबऱ्यावरून ओघळून, चाकांमधून, खड्ड्यात उतरत राहिली. तो बाहेर उभा राहून बघत होता. हळूहळू खड्डा काठाच्या हातभर खालपर्यंत भरला, दूध भरल्यासारखा सपाट.

मधोमध, गिअरबॉक्सच्या जागेखाली, एक पोकळी राहिली होती. वाफ तिच्या चहूबाजूंनी होती. आत शिरत नव्हती. पोकळी माणसाच्या खांद्यांएवढी रुंद होती.

दिव्याची उष्णता, त्याने ठरवलं. दिव्याजवळ वाफ विरत असणार. दिवा मात्र खड्ड्याच्या दुसऱ्या टोकाला होता.

तो गाडीत चढला. हातोडी घेतली. आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत त्याने तीनदा ठोकलं.

टक्‌-थप.

भीती वाटली. पण खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहायला हवं: भीतीच्या आधी, एक क्षणभर, त्याला बरं वाटलं. अकरा महिन्यांत त्याच्या ठोक्याला पहिल्यांदा कुणीतरी ओ दिली होती.

५

त्यानंतर प्रत्येक पट्टा काढायच्या आधी त्याने ठोकलं, आणि प्रत्येक वेळी उत्तर आलं. मागची डावी बाजू निघाली, मागची उजवी निघाली, मग पुढच्याही दोन्ही. खालचा मूळ रंग, निळा, ताजा, कालच मारल्यासारखा. तुकड्यांचा ढीग बाहेर वाढत होता. त्याच्या लक्षात आलं की उत्तरही बदलतंय. पहिला ठोका तसाच होता, उलट आणखी खणखणीत. दुसरा दर पट्ट्यागणिक बारीक होत चालला होता.

दुपारी फोन वाजला. वहिनी.

“आज येतोयस ना? की विसरलास?”

“येतो.”

“आवाज का असा येतोय? कुठे आहेस?”

“गॅरेजात. सोलायचं काम आहे एक.”

“सुट्टीच्या दिवशी?” मागे तिचं शिलाई मशीन चालू होतं, एक टीप संपून दुसरी सुरू झाली. “तूही भावासारखाच. त्याचंही हेच. हे एवढं उरकतो, ते एवढं उरकतो. घरी कुणी वाट बघतंय, जरा थांबावं, कधी आलं का मनात? शेवटच्या दिवशीसुद्धा नाही थांबला. स्वतःच ठोकलं आणि स्वतःच खाली उभा राहिला. ह्याला काय म्हणायचं, सांग.”

नेहमी तो ह्यावर गप्प राहायचा. आज पटाशीवरचं डांबर नखाने खरवडत राहिला.

“बरं, ऐक. तू आहेस म्हणून मी आठवड्यातून एकदा तरी नीट स्वयंपाक करते, कळलं? वेळेवर ये.”

फोन ठेवून तो पुढच्या सीटच्या जागी बसला. आता मधला तेवढा पट्टा उरला होता, बोगद्याच्या कडेचा, चार कापलेल्या चौकोनांचा. त्याने सहज त्यावर तळहात टेकला. पट्टा हलला. कडांनी घट्ट चिकटलेला, पण मधे लोखंडापासून सुटलेला होता. खाली गंज धरून फुगला होता, डफाच्या कातड्यासारखा.

त्याने शेजारच्या उघड्या लोखंडावर पान्याने एकदा ठोकलं. एकदाच.

टक्‌. आणि मग सुटलेला पट्टा हादरून लोखंडावर आपटला. थप.

त्याने पुन्हा केलं. एक ठोका. ऐकू आले दोन.

६

डोकं त्याचं शाळेत कधी चाललं नाही, पण यंत्राच्या बाबतीत चालायचं, आणि आता ते थांबवूनही थांबेना.

गंज अकरा महिन्यांत धरला असेल, त्याने स्वतःला समजावलं. तेव्हा पट्टा घट्ट असेल. मग त्याने पटाशीच्या टोकाने कड उचलून पाहिली. आतला गंज पापुद्र्यापापुद्र्याचा होता, वर्षानुवर्षांचा. पट्टा तेव्हाही सुटलेलाच होता.

हे इथेच सोडता येत होतं. तेवढा एक पट्टा ठेवायचा. वेल्डरला सांगायचं, मधे सडलेलं नाही, तिथे हात लावू नकोस. वर गालिचा आला की कुणाला दिसतंय? गाडी गिऱ्हाइकाकडे जाईल. तो संध्याकाळी वहिनीकडे जाईल, वेळेवर. ती वाढेल. दर आठवड्याला वाढत राहील, आणि दर आठवड्याला दादाला बोल लावत राहील. दादाला आता काय फरक पडतो?

त्याने हा हिशोब दोनदा मनात करून पाहिला. दोन्ही वेळा तो स्वतःच्या बाजूने बरोबर येत होता.

तेवढ्यात खालून ठोका आला. त्याने काही विचारलं नव्हतं, तरीही.

टक्‌-थप.

मिस्त्री म्हणाला होता, वाफेने भलतंसलतं होतं. त्याने चारही दारं उघडी आहेत का ते पाहिलं. होती. बाहेर रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ऊन होतं. जग जागच्या जागी होतं.

उरलेला सगळा बर्फ त्याने त्या पट्ट्यावर ओतला.

७

दहा मिनिटं. पट्टा करकरला, मधून तडकला. एका ठोक्यात फुटला. हातमोज्यांनी त्याने एकेक तुकडा उचलून बाहेर टाकला. शेवटच्या तुकड्याखाली फरशीला एक गोल भोक होतं. पाणी निघून जायला ठेवतात तसलं, अंगठ्याएवढं. त्याचं रबरी बूच कधीच गळून गेलं असावं. खड्ड्यातल्या दिव्याचा उजेड त्यातून वर आला आणि गाडीच्या छतावर रुपयाएवढा पिवळा ठिपका पडला.

आता फरशीवर डांबराचा कणही नव्हता. एका टोकाला नख मारलं तर दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल इतकी ती मोकळी झाली होती.

त्याने हातोडी उलटी धरली. दोन्ही हातांनी.

एक. दोन. तीन. सोडू का?

मग तो थांबला. त्या दिवशी तो किती थांबला होता? पाना बोल्टावर लावलेलाच होता. डबा उघडायचा होता. भूक लागली होती.

खालून उत्तर आलं.

टक्‌.

एक. स्वच्छ, न घाबरलेला. मागे काहीही नाही. तो दुसऱ्याची वाट बघत राहिला. कान टवकारून बसून राहिला. दुसरा आला नाही. तो कधी नव्हताच.

“दादा,” तो म्हणाला. इतक्या दिवसांनी तो शब्द तोंडात चमत्कारिक वाटला.

छतावरचा पिवळा ठिपका विझला.

दिवा गेला असं त्याला वाटलं. पण दाराखालून, चाकांच्या मधून, खड्ड्याचा उजेड तसाच दिसत होता. विझलं होतं ते फक्त भोक. त्याने खाली पाहिलं. भोक खालून कुणीतरी बंद केलं होतं. बोल्ट कुठे बसायचा ते वरच्याला कळावं म्हणून दादा नेहमी खालून भोकात अंगठा घालून दाखवायचा. हे बघ, इथे. काळपट, ग्रीसने माखलेलं काहीतरी त्या गोलात गच्च बसलं होतं, आणि त्याच्या कडेला अर्धं नख होतं. उरलेलं अर्धं दादाने तरुणपणीच एका पंख्याच्या पट्ट्यात घालवलं होतं.

ते हललं नाही. वर आलं नाही. फक्त तिथे होतं, जागा दाखवत.

मग ठिपका पुन्हा छतावर आला.

धाकटा खाली डोकावला नाही. त्याला भीती वाटली म्हणून, आणि वाफेत उतरू नकोस असं सांगितलं होतं म्हणूनही. दोन्ही खरं. त्याने हातोडी खाली ठेवली, गॅरेजला कुलूप लावलं आणि आपल्या खोलीवर गेला. वहिनीचा फोन तीनदा वाजला. त्याने उचलला नाही. रात्रभर खुर्चीत बसून राहिला. खोलीत कसलाच आवाज झाला नाही. त्याने खाटेच्या लाकडावर एकदा हळूच ठोकूनही पाहिलं. कुणी ओ दिली नाही.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी, गॅरेज उघडायच्या आधी, तो वहिनीच्या दाराशी गेला. आतून मशीनचा आवाज येत होता. त्याने दारावर तीनदा ठोकलं, आणि उत्तर येईपर्यंत थांबला.

“उघडंच आहे,” ती आतून म्हणाली. मग त्याला पाहून, मशीन न थांबवता, “या! आठवण झाली वाटतं. काल कुणासाठी रांधलं होतं मी? फोन उचलायला हात झडले होते का?”

तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. चपला काढल्या नाहीत.

“वहिनी, दोन नव्हते.”

“काय दोन?”

“दादाने दोन नव्हते ठोकले. एकच ठोकला होता. दुसरा त्या पत्र्याचा आवाज होता, सुटलेल्या. दादाने सोलायला सांगितलं होतं मला. मी नाही सोलला. कंटाळा केला.”

मशीनवरचा तिचा हात थांबला. चाक आपल्या वेगाने थोडं पुढे फिरलं, सुई दोनदा खाली-वर झाली, आणि मग तेही थांबलं. तिने मान वर केली नाही. कापडावर तळहात ठेवून, सुरकुती काढावी तसा ती तो फिरवत राहिली.

“एक म्हणजे काय?” तिने विचारलं.

“एक म्हणजे थांब.”

तिचे खांदे, अकरा महिने कुणीतरी वरून धरून ठेवलेले असावेत तसे, हळूहळू खाली आले. तिचं तोंड त्याला दिसत नव्हतं. आता ती आत ये म्हणेल की उठून दार लावेल, हे त्याला कळत नव्हतं. त्याने विचारलंही नाही. तो दारात तसाच थांबून राहिला.